एकही माणूस उपलब्ध नाही

थांबाबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात कोणी उरलं नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. फोन आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीचा ती आवाज होती. ग्राहक तक्रार करायला फोन लावतो आणि पलीकडून कोणीतरी साखर पेरत म्हणतं, "नमस्कार, कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," ती ही बाई. अख्खं शहर तिच्यावर वैतागलेलं होतं आणि तिला ओळखत मात्र कोणीच नव्हतं. दुकानात ती सहज "थांबा हं जरा" म्हणाली की दुकानदार दचकून वर बघायचा. हे कुठेतरी ऐकलंय असं त्याला वाटायचं आणि काही कारण नसताना तो तिच्याशी तुसडेपणाने वागायचा. ती मनातल्या मनात हसायची. माणसाला ताटकळत ठेवायचं आणि वर त्याला गोडही लागायचं, हे काय ऐऱ्यागैऱ्याचं काम आहे?

रेकॉर्डिंगची खोली तळघरात होती. भिंतींना काळा स्पंज, एक टेबल, एक माईक आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. हा रेकॉर्डिस्ट मोठा अबोल माणूस, बोलण्यापेक्षा चहावर जीव जास्त. "हसून बोला, बाई, हसू ऐकू येतं," एवढंच तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. त्यामुळे बाईंची सगळी वाक्यं हसरी. माफीची हसरी, नकाराची हसरी, बिल थकल्याची तर सगळ्यांत हसरी. रागाचं एक वाक्य तिच्याकडून कधी कोणी वाचून घेतलं नाही. रागावणं हे ग्राहकाचं खातं होतं.

मग नवे साहेब आले. टापटीप, तरणेबांड, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांनी थांबाबाईकडून कित्येक दिवस वाक्यं वाचून घेतली, शेंडा ना बुडखा अशी. निळ्या बादलीत चमचे आहेत. काका, तुम्ही म्हणाल तसं. आज वारा पडलाय. नव्या यंत्रणेसाठी लागतंय, म्हणाले. बाई बिचारी गरम पाणी पीत, घसा सांभाळत वाचत राहिली. वाचून संपलं तसे साहेब तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, की आता तुम्ही आराम करा. तिचा आवाज मशीन शिकलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. परवानगीची सही तिनेच केली होती, बारीक अक्षरं न वाचता, तुम्ही-आम्ही करतो तशीच.

तेही तिने गिळलं असतं. शाळेचे धडे वाचून रेकॉर्ड करायचं दुसरं काम तिला मिळालंही होतं. पण मशीनने तिच्या बाबांना फोन केला.

बाबा म्हणजे जुने घड्याळजी. दुकान बंद करून बरीच वर्षं झालेली, बायको गेलेली, दुसऱ्या गावात एकटे राहायचे. पलंगाशेजारी वायरचा जुना फोन होता, जाडजूड बटणांचा. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, "बाबा, गोळी घेतली का?" आणि बाबा रिसिव्हर कानाशी धरूनच रक्तदाबाची गोळी घ्यायचे. पाण्याचा घोट तिला इकडे ऐकू यायचा, मगच ती फोन ठेवायची. तिने सांगितल्याशिवाय ते गोळी घेत नसत. विसरायचे म्हणा, की लेकीने विचारावं म्हणून विसरायचे म्हणा.

एका दुपारी त्यांचा फोन वाजला आणि लेकीच्या आवाजात कोणीतरी म्हणालं, नमस्कार, आपलं जुनं कनेक्शन बंद होत आहे, नवीन वेगवान कनेक्शनसाठी कृपया हो म्हणा. जुनं कनेक्शन बंदबिंद काही होणार नव्हतं. पण बाबा म्हणाले, "हो बाळ, तू म्हणतेस तर हो." माणसं आली, वायर कापून गेली, जुना फोनही घेऊन गेली. भिंतीवर लुकलुकणारा पांढरा डबा बसला आणि बाबांच्या हातात एक गुळगुळीत फोन आला, ज्याचं बटण कुठलं आणि काच कुठली हे त्यांना उमगेना. संध्याकाळी ते लेकीला कौतुकाने म्हणाले, "तू सांगितलंस तसं केलं बघ."

थांबाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या आगीच्या भरात तिने बाबांना खरं काय ते सांगून टाकलं, की ती मी नव्हते, माझ्या आवाजात मशीन बोललं.

आता घड्याळजी माणूस. आयुष्यभर दुसऱ्याची बिघडलेली घड्याळं उघडून बघण्यात गेलेलं, आणि एकदा खोटी वेळ दाखवलेल्या घड्याळावर पुन्हा विसंबायचं नाही हा त्यांचा नेम. दुसऱ्या संध्याकाळी ती "बाबा, मी बोलतेय, गोळी..." म्हणाली आणि बाबा शांतपणे म्हणाले, "आता नाही हं फसणार, बाई." फोन बंद. तिसऱ्या दिवशी तेच, आणि पुढेही तेच. चेहरा दाखवून फोन करते म्हणाली तर शेजारच्या काकूंच्या जावयाने त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, की हल्ली चेहरेसुद्धा बनवतात. काकू जमेल तेव्हा गोळी देत, पण त्यांनाही त्यांचा संसार होताच. एका सकाळी बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेले सापडले.

थांबाबाई बसने धावत गेली. हॉस्पिटलात तिला समोर बघून बाबांनी तिचा हात घट्ट धरला, ती सांगेल ती गोळी मुकाट घेतली. तोंड दिसलं की विश्वास, नुसत्या आवाजावर नाही. पण नोकरी, मुलांची शाळा, सगळं सोडून ती तिथे किती दिवस राहणार? आणि तिच्या घरी यायला बाबा तयार नव्हते. निघताना ते म्हणाले, "तू येत जा गं. त्या डबड्यातून येऊ नकोस."

परतल्यावर ती तडक साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा घड्याळ बघितलं आणि म्हणाले की मॅडम, ही टेक्नॉलॉजी आहे, उलट तुम्ही अमर झालात. मग खांद्यावर हात. तो हात तिने झटकला नाही, याचा तिला पुढे कितीतरी दिवस संताप येत राहिला. बसमध्ये, स्वयंपाक करताना, शाळेचे धडे रेकॉर्ड करताना ती दातओठ खात होती. नुकसानभरपाई नको होती तिला, माफीही नको होती. या माणसाने बोलावं आणि कोणी त्याचं खरं मानू नये, एवढंच तिला हवं होतं. जशास तसं.

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. तिला दिलं ते रेकॉर्डिस्टच्या फोनवरून. कंपनी नवं, आणखी वेगवान कनेक्शन बाजारात आणणार होती. मोठं सभागृह घेतलं होतं, पाहुणे, वर्तमानपत्रवाले, आणि ग्राहकांना घरबसल्या फोनवर, टीव्हीवर सगळं थेट दिसणार होतं. रंगमंचावर साहेब मशीनशी गप्पा मारणार होते. पण मशीनला दोन-तीनदा विचारून बघितलं तेव्हा एकदा त्याने 'कसे आहात'ला 'आपली तक्रार नोंदवली आहे' असं उत्तर दिलं, आणि एकदा नुसतंच हसलं. साहेबांची पाचावर धारण बसली. अशा कार्यक्रमांत वेळेला पडद्यामागे खरं माणूस बसवायची त्या धंद्यात रीतच आहे, सगळे करतात आणि कोणी बोलत नाही. तेव्हा बाईंनी यावं, मागच्या खोलीत बसावं आणि मशीन व्हावं.

म्हणजे थांबाबाईची नक्कल करणाऱ्या मशीनची नक्कल आता थांबाबाईने करायची. रेकॉर्डिस्टला वाटलं ती फोन आपटणार. ती म्हणाली, "येते की. गरम पाणी ठेवा."

आदल्या दिवशी तालीम झाली. रंगमंचामागची ती खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांचं कोठार. त्यात एक टेबल मोकळं करून माईक, हेडफोन आणि आवाज वरखाली करायचं यंत्र मांडलं होतं. तालीम छान झाली. साहेब प्रश्न विचारायचे, ती लिहून दिलेलं हसरं उत्तर द्यायची. मग साहेब रंगमंचावरून उतरले आणि विक्रीविभागाच्या प्रमुखाला बाजूला घेऊन बोलू लागले. कॉलरला अडकवलेला माईक सुरूच राहिला होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं. थांबाबाईच्या कानात हेडफोन होता.

ते जे बोलले ते तिने अक्षर न् अक्षर ऐकलं. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, तसं. जाताना साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर ती छानसं हसली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. प्रत्येक पाहुण्याला नवा पांढरा डबा भेट दिलेला, घरोघरी त्यातूनच मशीन ऐकणार आणि बोलणार होतं, सगळे तो मांडीवर घेऊन बसलेले. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी थांबाबाईने रेकॉर्डिस्टला सांगितलं, की तुम्ही चहा घेऊन या, इथलं मी बघते. त्याने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला काय कळायचं ते कळलं असावं. तो बाहेर गेला. तिने उठून आतून कडी लावली.

रंगमंचावर साहेबांचं भाषण रंगात आलं होतं. मागच्या मोठ्या पडद्यावर प्रकाशाचं एक वर्तुळ होतं, मशीन बोललं की ते थरथरायचं. साहेबांनी लाडात येऊन विचारलं, "तर मग, बाई, सांगा लोकांना, आपलं नवं कनेक्शन किती वेगवान आहे?"

वर्तुळ थरथरलं. "नमस्कार. कृपया थांबा. आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

सभागृह खळखळून हसलं. साहेबही हसले. थांबले. उत्तर येईना. जरा वेळाने आवाज आला, की आपण रांगेत आहात. आणि मग मशीन चक्क गुणगुणायला लागलं, ग्राहकांना ताटकळत ठेवताना कंपनी वाजवते तीच ती रटाळ धून, अगदी सुरात. लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, घ्या साहेब, कसं वाटतंय. साहेबांच्या कपाळावर घाम दिसू लागला, तरी उसनं अवसान आणून ते म्हणाले की आम्ही तिला जरा विनोदी बनवलंय. आणि गाडी रुळावर आणायला म्हणून त्यांनी तालमीतला पुढचा प्रश्न विचारला. घरात माणसं जे बोलतात ते कोणी ऐकतं का? याला लिहून दिलेलं उत्तर होतं, की नाही, तुमच्या घरातला एक शब्दही बाहेर जात नाही.

"ऐकतं," वर्तुळ हसऱ्या आवाजात म्हणालं. "कालच साहेब विक्रीवाल्यांना म्हणाले, आधी एकट्या म्हाताऱ्यांना फोन लावा. बाई गोड बोलली की लेक बोलल्यासारखं वाटतं त्यांना, लगेच हो म्हणतात. घरच्यांना कळेस्तोवर वायर कापून मोकळे व्हा. त्या थांबाबाईचा बापच बघा की, म्हणाले, पहिल्या फटक्यात हो म्हणाला. असं म्हणून साहेब हसले. आपली आणखी काही सेवा करू शकते का?"

बिल थकल्याचं वाक्य ती ज्या मायेने म्हणायची, त्याच मायेने म्हणाली.

पहिल्या रांगेतल्या एका आजींनी मांडीवरचा पांढरा डबा अलगद उचलला आणि खुर्चीखाली सरकवला. शेजारच्याने तेच केलं. बघता बघता रांगच्या रांग डबे पायाशी ठेवू लागली, कोणी त्यावर रुमाल टाकला, कोणी पिशवी. आमच्या घरातलंही हे असंच सांगत सुटणार का, असं एका माणसाने उभं राहून विचारलं.

साहेबांनी मागे खूण केली आणि माणसं धावली. पण खोलीला आतून कडी. ती दार बडवू लागली, आणि ते बडवणं थेट माईकमध्ये गेलं. अख्ख्या सभागृहाला मशीनच्या पोटातून दार वाजताना ऐकू आलं.

"मशीनला दार कुठून आलं?" त्या आजी मोठ्याने म्हणाल्या.

आता साहेबांची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. हे मशीनच आहे म्हणावं, तर मशीन मालकाचंसुद्धा चोरून ऐकतं आणि चारचौघांत सांगतं. बाई आहे म्हणावं, तर आजचा सगळा खेळच खोटा. ते आधी पडद्याकडे बघत राहिले, मग लोकांकडे. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं, हाताला लागेल ते धरलं.

"हे मशीन नाहीये," ते ओरडले. "आत बाई बसलीय. खरी बाई आहे ती."

त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य होतं. थांबाबाई माईकजवळ सरकली. इतकी वर्षं हजारो लोकांसाठी तिने ते वाक्य वाचलं होतं, पण आपण कोणासाठी वाचतोय हे तिला पहिल्यांदाच माहीत होतं.

"क्षमस्व," ती म्हणाली. "आपल्याशी बोलायला सध्या एकही माणूस उपलब्ध नाही."

तिने आवाज बंद केला, पर्स घेतली, कडी काढली आणि दार बडवणाऱ्या माणसांमधून सरळ चालत गेली. कोणी अडवलं नाही. बाहेर रेकॉर्डिस्ट चहाचा पेला हातात धरून उभा होता. "हसू ऐकू आलं, बाई," तो म्हणाला.

पुढे मशीनचे ते फोन बंद झाले, साहेबांची खुर्ची गेली. ते आता कुठल्याशा छोट्या कंपनीत आहेत आणि स्वतः लोकांना फोन करतात म्हणे. नाव सांगितलं की लोक म्हणतात, मशीन बोलतंय वाटतं, आणि फोन ठेवतात. थांबाबाईला हे कळलं त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही, आधी बाबांना फोन लावला. बाबांनी काकूंच्या टीव्हीवर सगळं बघितलं होतं.

"बाबा, मी बोलतेय."

"शाबास गं, बाई," बाबा खुशीत म्हणाले. "मालकालाच चावलीस. माझ्या लेकीचा बदला घेतलास."

"बाबा, ती मीच होते. त्याने सांगितलं ना शेवटी, आत खरी बाई आहे म्हणून."

"तो सांगतो म्हणजे खोटंच असणार," बाबा म्हणाले. "तो कधी खरं बोललाय? मशीनच होतं ते. आणि तूही मशीनच." फोन बंद.

थांबाबाई तशीच उभी राहिली. त्या माणसाचं बोलणं कोणी खरं मानू नये असं तिने मागितलं होतं, आणि मिळालं होतं. आपल्या बाबांनीसुद्धा मानलं नव्हतं. सूड पूर्ण झाला होता आणि गोळी तशीच राहिली होती.

तिने पुन्हा फोन लावला. पलीकडे उचलल्याचा आवाज आला मात्र, आणि तिचा बांध फुटला.

"बास झालं हं, बाबा. फोन ठेवलात तर याद राखा. गोळी न घेता बाथरूममध्ये पडलात तेव्हा बसमधून रडत कोण आलं होतं, मशीन? लाज नाही वाटत? आई सांगून सांगून थकली, डॉक्टर थकले, आणि तुम्ही आपले अडून बसलाय. एक गोळी. एवढीशी गोळी गिळायला मी काय रोज नाचत यायचं का तिकडे? मरायचंय का तुम्हाला? मग मरा, पण मला आधी सांगा, म्हणजे मी रोज इथे जीव टांगून बसणार नाही. मूर्ख म्हातारा..."

आवाज चिरकला, फाटला, घशात अडकला. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात जोडले असते असा तो आवाज होता. तिला धाप लागली, नाक वाहू लागलं. एवढं बोलून ती थांबली, फोन बंद झाल्याचा आवाज येईल म्हणून.

तो आला नाही. पलीकडे काहीतरी सरकवल्याचं ऐकू आलं. मग गोळ्यांच्या पाकिटाचा चुरचुर आवाज, पेल्यावर तांब्या आपटल्याचा, आणि मग पाण्याचा एक मोठा घोट.

"घेतली," बाबा म्हणाले. "अगदी आईवर गेलीस. उद्यासुद्धा अशीच ओरड हं. म्हणजे मला कळेल, तू आहेस."